अंककोड्यांचे पहिले पुस्तक कसे निवडावे?

शाळेच्या ग्रंथसंग्रहात अशी काही पुस्तके असतात की, ती वर्षानुवर्षे कोणी उघडीत नाही. त्यांची बांधणी शाबूत असते, पाने कोरी करकरीत असतात आणि दरसाल तपासणीच्या वेळी यादीत त्यांची नोंद तेवढी होते. ती पुस्तके वाईटच असतात असे नाही. ज्या मुलांसाठी ती घेतली गेली, त्या मुलांसाठी ती लिहिलेली नसतात, एवढेच. अंककोड्यांच्या पुस्तकांच्या बाबतीत असे घडण्याचा संभव अधिक. मुखपृष्ठ आकर्षक असते, किंमत बेताची असते, 'बुद्धीला चालना' हे शब्द ठळक छापलेले असतात. परंतु आत पहिल्याच पानावर ८१ घरांची चौकट दिसली की, तिसरी-चौथीतील मूल पुस्तक मिटून ठेवते.

यात होणारी पैशांची हानी लहान आहे. मोठी हानी निराळीच आहे. पहिलेच कोडे सुटले नाही म्हणजे मूल पुस्तकाला दोष देत नाही, स्वतःला देते. 'हे आपल्याला जमणारे नव्हे' अशी खूणगाठ ते मनाशी बांधते आणि ती पुढे गणिताच्या तासाला, परीक्षेला, क्वचित जन्मभरही सुटत नाही. म्हणून पहिले पुस्तक निवडण्याचे काम दिसते तितके किरकोळ नाही.

अंककोडे म्हणजे काय?

सुडोकू या नावाने वृत्तपत्रांतून येणारे कोडे आज बहुतेकांच्या पाहण्यात आहे. नऊ आडव्या व नऊ उभ्या ओळींची चौकट, तिच्यात प्रत्येकी नऊ घरांच्या नऊ लहान चौकटी, काही घरांत आधीच छापलेले अंक, आणि नियम एकच : प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत व प्रत्येक लहान चौकटीत १ ते ९ हे अंक एकेकदाच यावेत. नाव जपानी असले तरी कोड्याचा जन्म जपानातला नव्हे. अमेरिकेतील डेल या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकात १९७९ साली ते 'नंबर प्लेस' या नावाने प्रथम छापले गेले. त्याचे जनकत्व हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुशिल्पज्ञाकडे दिले जाते. १९८४ साली जपानमधील निकोली या संस्थेने ते आपल्या वाचकांपुढे ठेवले व तेथेच त्यास आजचे नाव मिळाले. नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या 'टाइम्स' या दैनिकाने ते छापण्यास प्रारंभ केला आणि त्यानंतर अल्पावधीतच ते जगभर पसरले. कोड्याला अशी कीर्ती लाभली ती पाहण्यास गार्न्स मात्र हयात नव्हते. १९८९ साली त्यांचे निधन झाले होते. प्रत्येक ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच यावे अशा चौरसांचा विचार मात्र त्याहून पुष्कळ जुना असून, ऑयलर या थोर गणितज्ञाने अठराव्या शतकातच त्यांचा अभ्यास केला होता.

आपल्या देशातही अंक चौकटीत मांडण्याची परंपरा प्राचीन आहे. नारायण पंडिताने १३५६ साली रचलेल्या 'गणितकौमुदी' या ग्रंथात 'भद्रगणित' नावाचा स्वतंत्र भाग असून, त्यात आडवी, उभी व तिरपी बेरीज समान येणाऱ्या चौरसांचे विवेचन आहे. खजुराहो येथील पार्श्वनाथ मंदिरात कोरलेला सोळा घरांचा चौरस प्रसिद्ध आहे. त्यातील कोणत्याही ओळीची बेरीज ३४ येते.

या दोन प्रकारांतील भेद शिक्षकाने नीट ध्यानात घ्यावा. भद्रचौरसात बेरीज करावी लागते. सुडोकूत बेरीज, वजाबाकी काहीच नसते. तेथे अंक हे केवळ चिन्हांचे काम करतात. अंकांच्या जागी चिंचोका, खडा, शेंग व पान ठेवले तरी कोडे तेच राहते. म्हणून 'मुलांची आकडेमोड सुधारेल' या अपेक्षेने सुडोकूचे पुस्तक घेणाऱ्याची निराशा होईल. पाढे पाठ होण्यास पाढेच म्हटले पाहिजेत. या कोड्यांतून मिळते ती शिस्त वेगळी आहे : जे दिलेले आहे त्यावरून जे दिलेले नाही ते काढणे, आणि ते का निघाले याचे कारण सांगता येणे.

एक नमुना

नवशिक्या मुलास योग्य अशा कोड्याचे उदाहरण खाली दिले आहे. चार आडव्या व चार उभ्या ओळी आहेत. मधोमध एक उभी व एक आडवी रेघ ओढली म्हणजे चार-चार घरांच्या चार लहान चौकटी होतात. प्रत्येक ओळीत व प्रत्येक लहान चौकटीत १ ते ४ हे अंक एकेकदा यावयाचे आहेत.

१ – – ४
– ४ – –
२ – – ३
– ३ – १

आरंभ पहिल्या आडव्या ओळीपासून करावा. तेथे २ व ३ उरले आहेत. दुसऱ्या उभ्या ओळीत तळाशी ३ आहे. म्हणून पहिल्या ओळीच्या दुसऱ्या घरात ३ येऊ शकत नाही. तेथे २ आला व तिसऱ्या घरात ३ आला. आता वरच्या डावीकडील लहान चौकटीत १, २, ४ झाले. उरलेल्या घरात ३. डावीकडील पहिल्या उभ्या ओळीत १, ३, २ झाले. तळाच्या घरात ४. दुसऱ्या उभ्या ओळीत २, ४, ३ आहेत. रिकाम्या घरात १. तिसऱ्या आडव्या ओळीत २, १, ३ आहेत, राहिला ४. शेवटच्या ओळीत ४, ३, १ आहेत, राहिला २. तिसऱ्या उभ्या ओळीत ३, ४, २ आहेत, राहिला १. दुसऱ्या आडव्या ओळीचे शेवटचे घर २ ने भरले की, नऊही रिकामी घरे भरली.

१ २ ३ ४
३ ४ १ २
२ १ ४ ३
४ ३ २ १

या नऊ पायऱ्यांत एकदाही अंदाज करावा लागला नाही. प्रत्येक अंकामागे एक कारण आहे आणि ते आठ-नऊ वर्षांच्या मुलास स्वतःच्या शब्दांत सांगता येण्याजोगे आहे. पहिल्या पुस्तकातील कोडी याच जातीची असावीत.

एक अंक गळाला तर?

आता याच कोड्यातील तळाच्या ओळीचा शेवटचा १ छापताना गळाला असे समजावे. वर सांगितल्याप्रमाणे सहा घरे पूर्वीसारखीच भरतात. परंतु पुढे काम अडते. दुसऱ्या व चौथ्या आडव्या ओळींतील शेवटची दोन-दोन घरे रिकामी राहतात आणि दोन्ही ठिकाणी १ व २ हेच अंक उरतात. दुसऱ्या ओळीत १, २ व चौथीत २, १ मांडले तरी सर्व नियम पाळले जातात. दुसऱ्या ओळीत २, १ व चौथीत १, २ मांडले तरीही पाळले जातात. म्हणजे कोड्याची उत्तरे दोन झाली.

पुस्तकाच्या शेवटी मात्र एकच उत्तर छापलेले असते. वर्गातील एखाद्या मुलीने दुसरे उत्तर काढले व शिक्षकाने पुस्तकात पाहून त्यावर फुली मारली, तर काय होईल? 'गुरुजी, माझेही बरोबर आहे' असे म्हणण्याचे धैर्य प्रत्येक मुलात नसते. ती मुलगी पाटी पुसून टाकील आणि एक चुकीचा धडा कायमचा शिकेल : बरोबर काय ते तर्काने ठरत नाही, शेवटच्या पानाने ठरते. ज्या गुणासाठी पुस्तक वर्गात आणले, त्याच्याच मुळावर घाव बसला. म्हणून चांगल्या कोड्याचे उत्तर एक आणि एकच असले पाहिजे. आणि ज्या वेळी मुलाचे उत्तर छापील उत्तराशी जुळत नाही, त्या वेळी शिक्षकाने प्रथम नियम ताडून पाहावेत, नंतर शेवटचे पान.

पुस्तक पारखताना

पुस्तक विकत घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) चौकटींचा क्रम. आरंभी चार ओळींच्या, नंतर सहा ओळींच्या आणि शेवटी नऊ ओळींच्या चौकटी असाव्यात. सहा ओळींच्या चौकटीत लहान चौकट दोन आडव्या व तीन उभ्या घरांची असते. मधली ही पायरी गाळून चारावरून एकदम नवावर उडी मारणारे पुस्तक नवशिक्यांच्या कामाचे नाही. चार ओळींची पूर्ण भरलेली चौकट २८८ प्रकारांनी मांडता येते. नऊ ओळींच्या चौकटीचे प्रकार मोजले असता ती संख्या २२ अंकी येते. या दोहोंतील अंतर केवढे आहे ते यावरून समजेल.

(२) 'सोपे' या शब्दाचा अर्थ. एका प्रकाशकाचे 'सोपे' ते दुसऱ्याचे 'मध्यम' असते. या शब्दांस सर्वमान्य माप नाही. तसेच, दिलेले अंक अधिक म्हणजे कोडे सोपे असेही नेहमी नसते. दिलेले अंक कोठे आहेत व त्यांवरून पुढची पायरी लगेच दिसते की नाही, यावर ते अवलंबून असते. नऊ ओळींच्या कोड्याचे एकच उत्तर यावयाचे तर किमान १७ अंक द्यावेच लागतात, हे २०१२ साली डब्लिन येथील गॅरी मॅकग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले. परंतु १७ अंकांचे कोडेही सोपे असू शकते आणि २५ अंकांचे अवघड. तेव्हा वेष्टनावरील शब्दावर विसंबू नये.

(३) रीत समजावून दिली आहे काय? आरंभीच्या पानांत एक कोडे पायरीपायरीने सोडवून दाखविलेले असावे. केवळ नियम सांगून लगेच शंभर कोडी पुढे ठेवणारे पुस्तक म्हणजे पोहणे न शिकविता विहिरीत ढकलणे होय.

(४) अंदाजाची गरज. 'येथे २ धरून पाहू, चुकले तर पुसू' असे करावे लागणारी कोडी पुढील इयत्तांसाठी ठेवावीत. पहिल्या पुस्तकात प्रत्येक पायरी निश्चित कारणाने पडली पाहिजे.

(५) उत्तरांची जागा. उत्तरे कोड्याखाली उलटी छापलेली नसावीत. ती पुस्तकाच्या शेवटी असावीत. काही पुस्तकांत उत्तराबरोबर पहिल्या दोन-तीन पायऱ्याही दिलेल्या असतात. असे पुस्तक मिळाल्यास त्यास अग्रक्रम द्यावा.

(६) छपाई. घर इतके मोठे असावे की, लहान मुलाने लिहिलेला अंक त्यात मावेल व बाजूला बारीक खूण करण्यास जागा राहील. लहान चौकटींच्या रेघा ठळक असाव्यात. कागद असा असावा की, पेन्सिलीने लिहून खोडले असता तो फाटू नये.

(७) भाषा व अंक. सूचना मुलांच्या भाषेत व आखूड वाक्यांत असाव्यात. अंक मुले ज्या लिपीत शिकत आहेत त्याच लिपीत असल्यास उत्तम. मराठी पुस्तक न मिळाल्यास अन्य भाषेतील पुस्तकही चालेल. कारण चौकट फळ्यावर उतरविताना शिक्षक आपले अंक लिहू शकतो. मात्र सूचना त्याने स्वतः वाचून मराठीत सांगाव्यात.

या सर्वांहून भरवशाची कसोटी एकच : पुस्तकातील पहिले, मधले व शेवटचे कोडे शिक्षकाने स्वतः सोडवून पाहावे. पहिले सहज सुटावे, मधल्याने थोडे थांबवावे, शेवटच्याने घाम काढावा. पहिल्याच कोड्यास शिक्षकाला पाव तास लागला, तर ते पुस्तक मुलांसाठी नाही. आणि शेवटचेही पहिल्याइतक्याच लवकर सुटले, तर त्यात चढण नाही. दोन्ही पुस्तके परत ठेवावीत.

आकडेमोड मागणारी कोडी

ज्यांना तर्काबरोबर आकडेमोडही हवी आहे त्यांच्यासाठी दुसरे प्रकार आहेत. जपानमधील तेत्सुया मियामोतो या गणितशिक्षकाने २००४ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक कोडे रचले. ते आज 'केनकेन' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातही प्रत्येक ओळीत प्रत्येक अंक एकदाच येतो. परंतु आधी दिलेल्या अंकांऐवजी घरांचे लहान-मोठे गट केलेले असून, प्रत्येक गटात कोणत्या क्रियेने किती उत्तर यावे ते लिहिलेले असते. चार ओळींच्या चौकटीत एकाच ओळीतील दोन घरांच्या गटास 'बेरीज ७' असे लिहिले असेल, तर तेथे ३ व ४ हेच अंक येणार. 'गुणाकार ४' असेल तर १ व ४. कारण २ व २ ही जोडी गुणाकारास चालली तरी एका ओळीत दोनदा येऊ शकत नाही. 'बेरीज ५' असेल तर मात्र १ व ४ किंवा २ व ३ अशा दोन शक्यता राहतात आणि शेजारच्या ओळी पाहून निर्णय करावा लागतो. येथे मूल पाढे वापरते, पण पाढे म्हणून दाखविण्यासाठी नव्हे, आपल्याच अडचणीतून वाट काढण्यासाठी.

'काकुरो' हा प्रकार शब्दकोड्यासारखा दिसतो. त्यात १ ते ९ अंक वापरून दिलेली बेरीज साधावयाची असते व एका बेरजेत अंक पुन्हा येऊ द्यावयाचा नसतो. दोन घरांची बेरीज ४ असेल तर १ व ३, १७ असेल तर ८ व ९. याहून निराळी जोडीच नाही. हा प्रकार चौथीच्या पुढे योग्य. प्रथम चार ओळींचे सुडोकू, नंतर लहान केनकेन व शेवटी काकुरो, हा क्रम सामान्यतः सोयीचा पडतो.

वर्गातील उपयोग

एका शाळेला एकच प्रत पुरते. पुस्तकात अंक लिहू देऊ नयेत. लिहिले की, ते एका मुलाचे होते व इतरांस निरुपयोगी ठरते. चौकट फळ्यावर काढावी, मुलांनी ती पाटीवर उतरवून घ्यावी. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी जमिनीवर खडूने सोळा घरे आखून अंकांऐवजी चिंचोके, खडे, शेंगा व पाने मांडावीत. चार मुले चौकटीभोवती बसली की, वाद आपोआप सुरू होतो, आणि तो वाद हाच येथे पाठ आहे.

जेथे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, तेथे हे साधन विशेष उपयोगी पडते. एका वर्गास पाठ चालू असता दुसऱ्या वर्गास गुंतवून ठेवणे ही जोडवर्गाची नित्याची अडचण. अंककोड्यात मुलाला आपले उत्तर स्वतः तपासता येते. ओळीत अंक दोनदा आला की, चूक दिसतेच. 'बरोबर आहे का?' म्हणून पाटी घेऊन दर घटकेस शिक्षकाकडे धावत यावे लागत नाही.

वर्गात एक नियम कटाक्षाने पाळावा : कारण सांगितल्यावाचून अंक लिहावयाचा नाही. मुलाने फळ्यावर २ लिहिला की, शिक्षकाने 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणण्याऐवजी 'कशावरून?' असे विचारावे. 'खाली ३ आहे म्हणून' एवढे उत्तर पुरे आहे. उत्तर बरोबर पण कारण नाही, यापेक्षा कारण योग्य पण मध्ये एक नजरचूक झाली, हे अधिक मोलाचे. चूक सापडल्यास सर्व पाटी पुसण्याची सवय मोडावी. एकेक पाऊल मागे जाऊन चूक कोठे झाली ते शोधण्यास लावावे.

घड्याळ लावून स्पर्धा घेऊ नयेत. त्यात दोन-तीन चलाख मुले पुढे जातात व बाकीची प्रेक्षक होतात. आकडेमोडीत मागे पडणारे मूलही येथे पुढे येऊ शकते. कारण येथे पाठांतर लागत नाही, निरखून पाहणे लागते. गणितात आपल्याला काही येते हे त्यास कदाचित प्रथमच कळेल. ती संधी घाईने हिरावून घेऊ नये. गुण देण्याचीही गरज नाही. आठवड्यास दोन कोडी पुरेत.

पुस्तक नसले तर?

पुस्तक हे साधन आहे, अट नव्हे. याचे उदाहरण महाराष्ट्रातील शिक्षकांना दूर शोधावे लागत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळील देवळाली येथे १९३० ते १९६२ पर्यंत शाळेत शिक्षक होते. संख्यांशी खेळणे हा त्यांचा छंद. १९४९ साली त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. सर्व अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या संख्येवर तीच क्रिया पुन्हा करावी. अधिकात अधिक सात वेळांत ६१७४ येते. उदाहरणार्थ ३५२४ घेतल्यास :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

वर्गातील प्रत्येक मुलाने निराळी संख्या घ्यावी आणि सर्वांच्या पाट्यांवर शेवटी एकच संख्या उमटावी, याहून चांगले अंककोडे विकत मिळणे कठीण. यास एक पैसाही लागत नाही आणि वजाबाकीचा सराव फुकट होतो. कोणाची संख्या जमली नाही तर वजाबाकीत चूक आहे हे त्याचे त्यालाच कळते.

सारांश

अंककोड्यांचे पहिले पुस्तक लहान चौकटींपासून चढत जाणारे, एकाच उत्तराच्या कोड्यांचे, रीत समजावून देणारे, स्वच्छ छापलेले व अंदाजावर न विसंबणारे असावे. शिक्षकाने ते स्वतः सोडवून पाहिलेले असावे. पुस्तक चांगले निवडले गेले की नाही, याची खरी खूण यादीतील नोंदीत सापडत नाही. काही महिन्यांनी पुस्तकाचे कोपरे मळलेले असतील, आणि शिक्षकाने फळ्यावर अंक लिहिताच मागच्या रांगेतून एखादे मूल 'कशावरून, गुरुजी?' असे विचारील, तेव्हा निवड योग्य झाली असे खुशाल समजावे.